कोईच्या अंगावर मेणासारख्या गाठी, व्हायरस आहे का? औषध कोणतं? (गच्चीवरची टाकी, पुणे)

गच्चीवरचा_कोई:

नमस्कार मंडळी, गेली २ वर्षं नुसता वाचनमात्र आहे इथे, आज विचारायची वेळ आली. सहकारनगरला राहतो, गच्चीवर साधारण ८०० लिटरची सिमेंटची टाकी बांधून घेतली आहे (लॉकडाऊनमधला उद्योग, बायको अजून टोमणे मारते), त्यात ५ कोई (कार्प जातीचे रंगीत मासे) आहेत, सगळ्यात मोठी फूटभर. तिचं नाव बुंदी, पांढऱ्या अंगावर केशरी ठिपके आहेत म्हणून मुलीने ठेवलंय.

तर डिसेंबरच्या मध्यात बुंदीच्या शेपटीच्या परावर एक पांढुरका डाग दिसला. म्हणलं खरचटलं असेल. आता जानेवारी अर्धा संपत आला आणि तसले ७-८ झालेत, पाठीवर २, कल्ल्याच्या झाकणावर १, बाकी परांवर. दिसायला कसे सांगू, देवघरात मेणबत्ती पेटवून विसरलो आणि फरशीवर मेण ओघळून गोठलं की जसं दिसतं ना, अगदी तसं. गुळगुळीत, थोडं दुधी, कडा गोल. काल घमेल्यात घेऊन बोट फिरवून पाहिलं तर निघत नाही, चिकट कापसासारखं पण नाही, रबरासारखं लागतं हाताला. मासा एकदम मजेत आहे, खातोय, पळतोय, घमेल्यातून उडी मारून मला अंघोळ घातली.

शहरातल्या एका दुकानात फोटो दाखवला तर काउंटरवरचा म्हणाला फंगस आहे, निळं औषध दिलं, म्हणाला ५ दिवस टाका. टाकलं. गाठी तशाच, पाणी निळं, गच्ची निळी, माझे हात निळे. मग तो म्हणाला फंगस हट्टी आहे, डबल डोस टाका. तेव्हा मात्र मी थांबलो. एका मित्राने सांगितलं की हा व्हायरस असू शकतो, व्हायरस म्हणल्यावर झोप उडालीये. बाकीच्या चौघांना होईल का? बुंदीला काढावं लागेल का? आणि मुलगी रोज पाण्यात हात घालून त्यांना खायला घालते, तिला काही होणार नाही ना?

फोटो खाली जोडलेत.

पेठकर:

फोटो दिसत नाहीत. एक दिसतोय त्यात फक्त तुमचा निळा अंगठा आहे.

बाकी फूटभर कोई, एकूण पाच, ८०० लिटरमध्ये? आमच्या वाड्यात एका खोलीत ९ माणसं राहायची त्याची आठवण झाली. आधी पाण्याचं टेंपरेचर आणि अमोनिया किती ते लिहा, मग व्हायरसवर बोलू.

स्नेहल_बावधन:

मला तर हा सरळसरळ इक (पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग) वाटतोय, पांढरे डाग म्हणजे इकच. जाडं मीठ टाका मूठभर आणि हीटर लावा, ३ दिवसात साफ होतं, माझ्या मॉलींना झालं होतं. घाबरू नका.

पेठकर:

@स्नेहल, इकचे डाग मिठाच्या दाण्याएवढे असतात हो, मोठ्यात मोठा मिलिमीटरभर. फोटो आता दिसले, यातली एक गाठ हरभऱ्याच्या डाळीएवढी आहे. एवढा इक असता तर त्याला टाकीत वेगळी जागा द्यावी लागली असती.

गच्चीवरचा_कोई:

फोटोबद्दल सॉरी, परत टाकलेत. टेंपरेचर आज सकाळी ७ ला १६.५, दुपारी २१ च्या आसपास. अमोनियाचं किट शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाकडून आणलं, ०.५ दाखवतंय, आधी कायम शून्य असायचं. फिल्टर चालू आहे, बंद नाही केला. पाच मासे जास्त आहेत हे मान्य, पण घेतले तेव्हा बोटाएवढे होते.

मत्स्यगंधा_औंध:

फोटो नीट बघितले. मी फिशरीजचं शिकले आहे, आता वेगळं काम करते पण माशांचा नाद सुटलेला नाही, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

फोटोवरून शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय, गोठलेलं मेण, गुळगुळीत, घासून न निघणारं, थंडीत आलेलं, मासा खातोय पितोय, कोई, हे सगळं वर्णन कार्प पॉक्सचं आहे. फंगस असता तर पाण्यात असताना त्याचे तंतू कापसासारखे हललेले दिसले असते आणि बोटाने पुसला गेला असता. म्हणजे तुमच्या दुकानदाराने दिलेलं निळं औषध, बहुतेक मिथिलीन ब्लू, याला लागूच पडत नाही. उलट त्याने तुमच्या फिल्टरमधले अमोनिया खाणारे जीवाणू मारलेत, शून्याचा ०.५ तिथूनच आला असणार. गाठींपेक्षा मला आत्ता त्या ०.५ ची जास्त काळजी वाटते. आज आणि उद्या वीस-वीस टक्के पाणी बदला, नळाचं थेट ओतू नका, बादल्यांत भरून एक रात्र ठेवा किंवा क्लोरीन घालवणारे थेंब टाका. खाणं दोन दिवस बंद. नंतरही चिमूटभरच, इतक्या गार पाण्यात त्यांचं पचन मंद असतं आणि न पचलेलं सगळं शेवटी अमोनियाच होतं.

आता व्हायरसचं. नावात पॉक्स आहे म्हणून लोकांना वाटतं की हा देवीच्या रोगासारखा काहीतरी आहे. देवीच्या घराण्याशी याचं काही नातं नाही, हा हर्पिस आहे. पूर्ण नाव सिप्रिनिड हर्पिसव्हायरस १. नाव पडलं तेव्हा व्हायरस म्हणजे काय हेच कुणाला माहीत नव्हतं, अंगावर फोडासारखं दिसलं की पॉक्स म्हणायचे. कार्प माशाच्या या गाठींचं वर्णन कोनराड गेसनर या स्विस माणसाने १५६३ मध्ये केलेलं आहे, माशांच्या लिहून ठेवलेल्या रोगांमध्ये हा सगळ्यात जुन्यांपैकी एक धरतात. व्हायरस वेगळा काढून त्यानेच गाठी येतात हे मात्र जपानमध्ये १९८० च्या दशकात दाखवलं, तिथे त्यांनी कार्पच्या अगदी लहान पिल्लांना तो दिला तर बरीचशी मेली आणि जी वाचली त्यांच्यातल्या पुष्कळांच्या अंगावर काही महिन्यांनी अशाच गाठी उठल्या.

हर्पिस म्हणल्यावर आपल्याकडची नागीण आठवा. लहानपणी कांजिण्या येतात, बऱ्या होतात, पण तो व्हायरस अंगातून जात नाही, नसांच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि म्हातारपणी अंगातली ताकद कमी झाली की नागीण म्हणून बाहेर येतो. कार्पमध्ये साधारण तोच प्रकार, नसांमध्ये आणि त्यांच्या गाठोड्यांमध्ये तो सापडलेला आहे. माशाच्या बाबतीत ताकद कमी व्हायला म्हातारपण लागत नाही, थंडी पुरते. मासा थंड रक्ताचा, पाणी २० च्या खाली गेलं की त्याची प्रतिकारशक्ती सुस्तावते आणि व्हायरस त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींना वाढायला लावतो, त्या एकावर एक चढत जातात. तेच तुमचं मेण. खाली मांसापर्यंत ते जात नाही. पाणी तापलं की प्रतिकारशक्ती जागी होते आणि गाठी आपोआप झडतात. पुढच्या थंडीत परत येऊ शकतात, आणि बऱ्याचदा त्याच माशाला येतात.

म्हणजे औषध काय, तर औषध नाही. अँटिबायोटिक नाही, फंगसचं नाही, निळं नाही, पिवळं नाही. ब्लेडने खरवडायचं तर अजिबात नाही, यूट्यूबवर लोक करतात, त्यातून जखम होते आणि जखमेत बॅक्टेरिया शिरतात, मासा व्हायरसने मरत नाही तो त्याने मरतो. मीठ टाकायचं तर लिटरला १-२ ग्रॅम, तेही माशाचा ताण कमी व्हावा म्हणून, गाठी जाव्यात म्हणून नाही.

बुंदीला काढायचं काही कारण नाही. बाकीचे चौघे तिच्याबरोबर इतकी वर्षं राहतायत, त्यांना लागण व्हायची असेल तर केव्हाच झालेली असणार, दिसत नाही इतकंच. फक्त एक पाळा, या टाकीतला मासा कोणाला देऊ नका आणि अंडी-पिल्लं काढायच्या भानगडीत पडू नका, पिल्लांसाठी हा व्हायरस साधा नाही.

मुलीचं. हे व्हायरस माणसाला होत नाहीत, निर्धास्त राहा. पण हाताला कापलं-खरचटलं असेल तर तो हात कुठल्याच माशाच्या टाकीत घालू देऊ नका, त्याचं कारण वेगळं आहे, पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जीवाणू असू शकतो, तो जखमेतून शिरला तर हातावर हट्टी गाठी येतात, महिनोन्महिने गोळ्या घ्याव्या लागतात. खायला घालून झालं की साबणाने हात धुवायचे, बस.

गच्चीवरचा_कोई:

ताई, काय सांगू, हे वाचून बायकोला पण वाचून दाखवलं, ती म्हणाली माशाला नागीण, आता हेच राहिलं होतं. २० टक्के पाणी आत्ताच बदललं, १६ बादल्या जिन्यावरून. एक शंका, नेटवर कोई हर्पिस शोधलं तर लोकांचे अख्खे तलाव मेलेले दिसतायत. तो हाच का?

मत्स्यगंधा_औंध:

नाही, बरं झालं विचारलंत, इथेच सगळे घाबरतात. कार्पच्या घराण्याचे महत्त्वाचे हर्पिस तीन आहेत आणि त्यांना नुसते नंबर दिलेत. १ नंबर म्हणजे तुमचा, गाठी येतात, दिसायला वाईट, मोठ्या माशाला फार काही करत नाही. २ नंबर गोल्डफिशला होतो, तो रक्त तयार करणाऱ्या भागांवर, म्हणजे मूत्रपिंड-प्लीहा वगैरेंवर हल्ला करतो, बाहेर गाठ दिसत नाही, मासे फिके पडतात आणि पटापट मरतात. हा आपल्या देशात सापडलेला आहे. ३ नंबर म्हणजे तुम्ही नेटवर वाचलात तो, १९९८ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेत त्याच्या साथी आल्या आणि मग जगभर पसरला, त्यात कल्ले सडतात, डोळे आत जातात, त्वचेवर चट्टे पडतात, आणि शंभरातले ८०-९० मासे आठ-पंधरा दिवसात जाऊ शकतात. त्यातही मेणाच्या गाठी येत नाहीत. म्हणजे गाठ दिसली हीच एका अर्थी चांगली बातमी समजा.

खरा पॉक्सव्हायरस कोईंना होतो तो अजून निराळा, कार्प एडिमा, त्यात मासा तळाला आडवा पडून झोपल्यासारखा राहतो. आणि त्याच्या नावात पॉक्स नाही! नावं ठेवणाऱ्यांना कोणीतरी एकदा बसवून विचारायला पाहिजे.

अमेय_वाकड:

मस्त धागा. मी पण घुसतो, माझी केस बघा प्लीज. घरात ३ फुटी टँक, पर्ल गुरामी, निऑन, कॉरी. गुरामीच्या पाठीवरच्या पराच्या कडेला ३ आठवड्यांपूर्वी पांढरा ठिपका आला, आता तो वाढून फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा खडबडीत झालाय, मेणासारखा नाही, दाणेदार आहे. टेंपरेचर कायम २६, हीटर आहे, म्हणजे थंडीचा संबंध नाही. हा पण हर्पिस का? ताई म्हणतात तसं गरम पाण्याने जाईल म्हणून २९ केलं तर काही फरक नाही.

मत्स्यगंधा_औंध:

अमेय, तुझा वेगळा. फ्लॉवरचा तुरा, दाणेदार, गुरामी, पराची कड, म्हणजे लिम्फोसिस्टिस असण्याची शक्यता खूप जास्त. तो हर्पिस नाही, इरिडोव्हायरसच्या कुळातला आहे. हीटर परत २६ वर आण, उगाच उकडू नकोस त्यांना.

याची गंमत अशी की कार्प पॉक्समध्ये पेशींची संख्या वाढते, इथे पेशी वाढत नाहीत, एकेक पेशी फुगते. त्वचेखालच्या धाग्यांच्या थरातली साधी पेशी, जी एरवी मायक्रोस्कोपशिवाय दिसायची नाही, ती व्हायरसने भरून इतकी फुगते की मिलिमीटरभर होते, नुसत्या डोळ्यांना दिसते. तू जे दाणे बघतोयस त्यातला एकेक दाणा म्हणजे अक्षरशः एकेक पेशी आहे. कॉलेजला असताना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. चिमट्याने पराच्या टोकाचा कणभर तुकडा काचेवर घेतला, पाण्याचा थेंब टाकला, झाकणकाच ठेवली आणि सगळ्यात कमी पॉवरवर खाली भिजवलेला साबुदाणा पसरलेला! गोल गोल टपोरे, प्रत्येकाभोवती जाड पारदर्शक साल, मध्ये धूसर केंद्र. सरांनी मागून विचारलं काय दिसतंय, मी म्हणाले खिचडी. तेव्हापासून बॅचमध्ये माझं नाव खिचडी पडलं ते पडलंच.

उपाय इथेही तोच, काही नाही. पाणी स्वच्छ ठेव, मासा बहुतेक वेळा काही आठवड्यात किंवा दोन-चार महिन्यात आपणच बरा होतो. या पेशी फुटल्या की व्हायरस पाण्यात जातो आणि दुसऱ्या माशाला ओरखडा असेल तर तिथून शिरतो, दुसरे मासे तो तुरा चोचतात तेव्हाही. म्हणून जमलं तर गुरामीला एकटं ठेव. तुझे निऑन आणि कॉरी यांची फार चिंता नको, तो जास्त करून गुरामी, सिक्लिड, ग्लासफिश असल्यांच्या आणि समुद्रातल्या माशांच्या मागे लागतो. कार्पच्या घराण्याला, म्हणजे कोई, गोल्डफिश, बार्ब यांना, आणि मांगूर-कॉरीसारख्या मिशावाल्यांना तो सहसा होत नाही. त्यामुळे कोणी गोल्डफिशच्या गाठीला लिम्फो म्हणालं तर दोनदा विचार करायचा. तोंडाजवळ वाढून खाता येईना झालं, कल्ल्यांवर आलं, तरच काळजी.

पराला काही टोचलं होतं का? दगड, प्लास्टिकची झाडं?

अमेय_वाकड:

आहेत ना, प्लास्टिकची झाडं आहेत, आणि दुसरा नर गुरामी त्याच्या मागे लागायचा महिनाभर. आता कळलं. उद्या झाडं काढतो आणि खऱ्या वनस्पती आणतो. साबुदाणा बघायची फार इच्छा आहे, चुलत भावाच्या कॉलेजात मायक्रोस्कोप आहे 😀

मत्स्यगंधा_औंध:

जखम करू नकोस नुसती हौस म्हणून. तुऱ्याचा कण आपोआप पडला टाकीच्या तळाशी तर तो उचल.

जुना_मासेवाला:

मी १९८६ पासून मासे पाळतोय. लिम्फोवरून आठवलं म्हणून लिहितो. पूर्वी डिस्को फिश नावाने मासा मिळायचा, पारदर्शक अंग आणि पाठीवर-पोटावर गुलाबी, हिरव्या, पिवळ्या भडक पट्ट्या, दिव्याखाली चमकायचे. मी कुर्ल्याच्या बाजारातून एकदा २० आणले, पिशवी मांडीवर घेऊन डेक्कन क्वीनने. घरी मुलं नाचली. १५ दिवसांत निम्म्यांच्या परांवर फ्लॉवर. नंतर कळलं की तो आपला साधा इंडियन ग्लासफिश, आपल्याच नद्या-तळ्यांतला, रंग निसर्गाचा नव्हताच, सुईने टोचून अंगात भरलेला. एकच सुई, एकामागून एक मासा. व्हायरसला आणखी काय पाहिजे. साध्या ग्लासफिशपेक्षा टोचलेल्यांत लिम्फो जास्त दिसतो हे नंतर परदेशातही लोकांनी लिहिलं. रंग काही महिन्यांत उडून गेला, फ्लॉवर राहिले. तेव्हापासून रंग टोचलेला मासा घरात नाही.

दुसरं, सगळंच व्हायरस नसतं. गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या पराच्या काठावर बारीक पांढरे मणी येतात, ओळीत, सारखे, ते वयात आल्याची खूण आहे. शेजारच्यांनी याच मण्यांना रोग समजून तीन औषधं टाकली आणि बिचारा ऐन लग्नाच्या वयात गेला. ओरांडा जातीच्या गोल्डफिशच्या डोक्यावरचा मुकुट पण गाठ नाही, लोक कात्रीने कापतात, देवा!

खायच्या माशांबद्दल पण लोक विचारतात. रोहू-कटल्याच्या कल्ल्यांमध्ये किंवा खवल्यांखाली पांढरे टाचणीच्या डोक्याएवढे दाणे दिसतात कधी कधी, ते बहुधा परजीवींचे कोश, मिक्सोस्पोरिडियन म्हणतात, व्हायरस नाही.

आणि भाऊ, नवीन मासा आणला की महिनाभर वेगळी टाकी, वेगळी जाळी, वेगळी बादली. जाळी वापरून झाली की कडक उन्हात वाळवायची. टाकी नसेल तर मासा आणायचा नाही.

पेठकर:

काका, डेक्कन क्वीनमध्ये २० मासे मांडीवर आणि टीसीने काही विचारलं नाही?

जुना_मासेवाला:

विचारलं. म्हणलं कोथिंबीर आहे. तो हसून पुढे गेला.

सिराक्यूजचा_निखिल:

मूळचा कर्वेनगरचा, आता न्यूयॉर्क राज्यात. इथे जवळच ओनायडा नावाचं मोठं तळं आहे, तिथे वॉलआय म्हणून मासा लोक गळाला लावतात. शरद ऋतूत गेलो की गळाला लागलेल्यातल्या बऱ्याच माशांच्या अंगावर गुलाबी-पांढऱ्या चामखिळींसारखे गोळे. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी मासा सोडून हात झटकले. मग इथल्या एका म्हाताऱ्या गळवाल्याने सांगितलं, उन्हाळ्यात ये, गायब असतील. खरंच गायब होते! वाचलं तर कळलं की तो रेट्रोव्हायरस आहे, म्हणजे एचआयव्ही ज्या मोठ्या कुळातला त्याच कुळातला, पण माशांपुरता, नाव वॉलआय डर्मल सार्कोमा व्हायरस. कॉर्नेलच्या लोकांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. मला वाटलं होतं की गाठ मोठी म्हणजे व्हायरस जास्त. उलट आहे, शरदात वाढणाऱ्या गाठीत व्हायरस फारसा बनतच नाही, वसंतात गाठ झडायला लागते तेव्हा तो भरभरून बनतो आणि पाण्यात सुटतो. आणि वसंतातच सगळे वॉलआय अंडी घालायला एका ठिकाणी गर्दी करतात. गणपतीच्या गर्दीत शिंकणाऱ्यासारखं टायमिंग.

मत्स्यगंधा ताई, कोईच्या गाठी झडताना पण तसंच असतं का?

मत्स्यगंधा_औंध:

निखिल, कुळं वेगळी आहेत त्यामुळे एकाचा हिशोब दुसऱ्याला लावत नाही मी. कोईत ज्या गाठी झडतात तिथे त्याची प्रतिकारशक्ती ती जागा साफ करते, शरीराच्या आतला दबा मात्र तसाच राहतो, एवढं नक्की. पण झडणाऱ्या गाठीचे तुकडे टाकीत पडलेले दिसले तर सायफनने काढून टाकावेत, त्याने नुकसान काहीच नाही.

स्नेहल_बावधन:

मी इक म्हणाले ते मागे घेते 🙏 पण मग हीटर लावा हे माझं बरोबरच होतं की.

मत्स्यगंधा_औंध:

हो, अर्धं बरोबर होतं 😀 पाणी २५ च्या वर काही आठवडे राहिलं तर गाठी लवकर उतरतात. पण ८०० लिटर उघडी टाकी, गच्ची, जानेवारी, केवढा हीटर लावणार आणि बिल कोण भरणार. शिवाय दिवसा २६ आणि लाईट गेली की रात्री १६, असा झोका त्या गाठींपेक्षा वाईट. त्यापेक्षा रात्री टाकीवर थर्माकोलचे तुकडे किंवा ताडपत्री अर्धी झाका, हवेचा पंप चालू ठेवा, आणि होळीची वाट बघा. होळी जळाली थंडी पळाली, आपल्या आज्यांनी कोईसाठीच म्हणून ठेवलंय ते.

कोणाकडे एकदम बरेच मासे मरायला लागले, गाठी असोत नसोत, तर मात्र वाट बघू नका. मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा, माशांच्या रोगांवर लक्ष ठेवायचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, रिपोर्ट फिश डिसीज नावाचं अ‍ॅप पण आलंय. मेलेला मासा कळवायच्या आधी नदीत किंवा नाल्यात टाकू नका, आपल्या मुठेला आहे तेवढं पुरे आहे.

गच्चीवरचा_कोई:

अपडेट, ३ फेब्रुवारी. अमोनिया शून्यावर आला, त्याला ११ दिवस लागले, रोज बादल्या. शेजारच्या बिल्डिंगमधल्या त्या मुलाला किट परत दिलं आणि स्वतःचं घेतलं. बुंदीच्या गाठी तेवढ्याच, पाठीवर एक नवीन आली बारीक. बाकीच्यांपैकी काळूच्या मिशीजवळ मला काहीतरी दिसतंय पण मुलगी म्हणते तो ठिपका आधीपासून आहे, तिचं निरीक्षण माझ्यापेक्षा बरं आहे. दुकानातून फोन आला होता, फंगस गेला का म्हणून. म्हणलं फंगस नव्हताच. तो म्हणाला मग अँटिबायोटिक घेऊन जा. ठेवून दिला फोन.

पेठकर:

पाचचे तीन कधी करताय?

गच्चीवरचा_कोई:

ताई म्हणाल्या ना कोणाला द्यायचे नाहीत! आता टाकी मोठी करणे हाच एक मार्ग आहे असं मी घरी सांगितलंय. बोलणी चालू आहेत.

अमेय_वाकड:

माझा पण अपडेट. प्लास्टिकची झाडं काढली, गुरामीला जुन्या १ फुटी टँकमध्ये ठेवलंय. तुरा आधी वाढला, मग गेल्या रविवारी अर्धा तुटून पडला. ड्रॉपरने उचलून बाटलीत घालून भावाच्या कॉलेजात नेला. ताई, खिचडीच आहे! गोल गोल, जाड साल, अगदी तसंच. लॅबमधल्या मॅडमनी पण बघितलं आणि फोनवर फोटो काढून घेतला. खालच्या जागेवर पराला थोडी लाली आहे, त्याला काय करू?

मत्स्यगंधा_औंध:

वा! लाली म्हणजे कच्ची जागा आहे, पाणी दिवसाआड थोडं बदल, दुसरं काही टाकू नकोस. लाली पसरायला लागली किंवा कडेने पांढरा कापूस दिसला तर लगेच लिही, तो बॅक्टेरिया-फंगसचा प्रश्न असेल आणि त्याला मात्र औषध आहे. आणि तो फोटो इथे टाक की.

गच्चीवरचा_कोई:

२२ मार्च. सकाळी ७ ला पाणी २४. बुंदीच्या शेपटीवरच्या चारही गाठी गेल्या, काहीही खूण नाही, मी भिंग घेऊन बघितलं. जाताना आधी त्या कडेने सुटल्यासारख्या झाल्या, जुन्या भिंतीचा रंग सुटतो तशा, मग एक दिवस नव्हत्याच. पाठीवरच्या दोन पातळ झाल्यात. कल्ल्याच्या झाकणावरची मात्र हलायला तयार नाही, तेवढीच आहे. काळूचा ठिपका ठिपकाच निघाला.

१५०० लिटरला मंजुरी मिळाली आहे, पण गच्चीच्या स्लॅबवर एवढं वजन चालेल का हे सोसायटीच्या सेक्रेटरीने लेखी मागितलंय. कोणी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे का इथे?

पेठकर:

त्यासाठी वेगळा धागा काढा. आणि फोटो आधी टाका, अंगठा सोडून.